एमजीबीचे दोन कार्बोरेटर आणि स्पिंडलमधला प्ले

इंजिन गरम झालं की सिग्नलला माझ्या १९६७च्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची रेस आपोआप वरखाली व्हायची. मिक्श्चर वाढवलं की प्लग काळे पडायचे, कमी केलं की इंजिन बंद. या गाड्या १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला बनल्या. मी जवळच ऑक्सफर्डला राहतो, त्यामुळे जुन्या एमजीबीवर हात बसलेली माणसं इथे भेटतात. त्यांच्यातल्या एका निवृत्त टर्नरने, म्हणजे लेथवर काम करणाऱ्या कारागिराने, स्क्रू ड्रायव्हरला हातच लावू दिला नाही. इंजिन चालू ठेवून थ्रॉटल स्पिंडलच्या, म्हणजे कार्बोरेटरमधली हवेची चकती ज्यावर फिरते त्या दांड्याच्या, टोकाशी त्याने क्लीनरचा फवारा मारला आणि लगेच इंजिनाचा आवाज बदलला. हवा तिथून आत ओढली जात होती.

गाडीला एसयू कंपनीचे दोन एचएस४ कार्बोरेटर आहेत, प्रत्येकाचं तोंड दीड इंचाचं. रचना फार देखणी आहे. इंजिनाने हवा जास्त ओढली की पिस्टन वर उचलला जातो, त्याला लावलेली निमुळती नीडल (सुई) जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकातून, वर सरकते आणि पेट्रोल वाढतं. आयडलिंगपासून फुल रेसपर्यंत सगळा कारभार एकाच जेटवर. म्हणूनच स्पिंडलमधून चोरटी हवा शिरली की या हिशोबाला अर्थ उरत नाही. जुन्या कार्बोरेटरचं नवं किट आणून जेट आणि पॅकिंग तेवढं बदलणारे बरेच आहेत, पण स्पिंडलमधला प्ले, म्हणजे ढिलेपणा, तसाच ठेवला तर तो खर्च वाया जातो, असं माझं स्पष्ट मत आहे.

खोलताना दोन्ही कार्बोरेटरचे भाग वेगवेगळ्या ट्रेमध्ये ठेवले. पिस्टन आणि त्यावरची घुमटी ही जोडी कारखान्यातच जुळवलेली असते, तिची अदलाबदल चालत नाही. घुमटी आतून पॉलिश पेपरने घासायचीही नाही, नुसती थिनरने पुसायची. फुलपाखराचे म्हणजे थ्रॉटलच्या चकतीचे स्क्रू सुटून इंजिनात पडू नयेत म्हणून त्यांची टोकं फाकवलेली असतात. ती आधी दाबून जवळ आणली, मगच स्क्रू काढले.

स्पिंडलवर नखाला लागेल इतकी खाच पडली होती आणि बॉडीतली भोकं लंबगोल झाली होती. भोकांत बुश, म्हणजे नव्या नळकांड्या, बसवायचं काम त्या टर्नरनेच केलं. दोन्ही बाजूंची भोकं त्याने एकाच लांब रीमरने (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार), एका रेषेत साफ केली. ती तिरकी झाली तर नवा स्पिंडल अडकतो. घरच्या ड्रिलने हे करायच्या भानगडीत कुणी पडू नये. चकती बसवताना कार्बोरेटर दिव्यासमोर धरला आणि कडेने कुठूनही उजेड दिसेनासा झाल्यावरच नवे स्क्रू आवळून त्यांची टोकं फाकवली.

जेट आणि नीडल नवीन टाकली. माझ्या कार्बोरेटरमध्ये नीडल पक्की बसवलेली आहे, त्यामुळे जेट तिच्या बरोबर मध्यावर आणावा लागतो. यातच सगळ्यात जास्त वेळ गेला. जेटचं मोठं नट ढिलं ठेवायचं, पिस्टन बोटाने खाली दाबायचा, नट आवळायचं आणि पिस्टन उचलून सोडायचा. खाली टेकताना स्वच्छ ‘टक्’ आवाज आला पाहिजे. नट आवळताना जेट थोडा सरकला तरी आवाज बसका येतो, मग पुन्हा पहिल्यापासून. पिस्टनची हालचाल सावरणाऱ्या डॅम्परमध्ये एसएई २० ऑइल भरलं.

सेटिंगच्या आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि इग्निशन टायमिंग तपासलं. जेट वरच्या पातळीला आणून मिक्श्चर सेट करायचं नट दोन पूर्ण फेरे खाली घेतलं. दोन्ही कार्बोरेटर जोडणारे क्लॅम्प ढिले करून, रबरी नळी कानाला लावून दोन्ही तोंडांची सूंसूं सारखी केली. मग पिस्टन सुमारे एक मिलिमीटर उचलून पाहिला. रेस वाढून तशीच राहिली तर पेट्रोल जास्त, इंजिन मरायला लागलं तर कमी. माझं इंजिन क्षणभर चढलं आणि जागेवर आलं, म्हणजे बरोबर. आता आयडलिंग आठशे आरपीएमच्या आसपास ठाम असतं आणि प्लग विटकरी रंगाचे निघतात. पुढचं काम डिस्ट्रिब्युटरचं, कारण त्याच्याही शाफ्टमध्ये थोडा प्ले जाणवतोय.