उलटी कॉलर

माझा निळा शर्ट अंगात अजून चारपाच वर्षं सहज निघाला असता. काखेत धड, कोपरांवर धड, बटणं सगळी जागेवर. फक्त कॉलरच्या घडीवर, बरोबर मानेमागे, कापड विरलं आणि आतलं पांढरं कॅनव्हास बाहेर डोकावायला लागलं. बायको म्हणाली, "दे इकडे, फडकं करते."

"थांब, उलटी करून बघतो."

"काय करून?"

कॉलर, कॉलर. आई बाबांच्या शर्टांच्या करायची. कॉलरला कापडाचे दोन थर असतात आणि मधे कॅनव्हास. मानेला घासून झिजतो तो वरचा थर. खालचा घडीच्या आत दडलेला असतो, त्यामुळे तो नव्यासारखाच राहतो. कॉलर तेवढी सोडवायची, पालथी करायची आणि परत जोडायची. लहानपणी मी हे मशीनशेजारी बसून कितीदा पाहिलं होतं, त्यामुळे आपल्याला येतं असा माझा समज होता. पाहणं आणि येणं यात तीन संध्याकाळी गेल्या.

पहिली गेली उसवण्यात, आणि खरं सांगायचं तर मला तीच सगळ्यात आवडली. मशीनची टीप म्हणजे दोन दोरे, एक वरून रिळाचा आणि एक खालून बॉबिनचा, कापडाच्या आत एकमेकांत अडकलेले. टोकाला भोक असलेली सुई आणि हा दोन दोऱ्यांचा टाका, यांचं पेटंट एलायस हाऊ यांनी अमेरिकेत १८४६ साली घेतलं. घरगुती मशीन आजही तसंच शिवतं. उसवताना याचा फायदा असा, की प्रत्येक टाका कापत बसावं लागत नाही. एका बाजूने दर चौथा-पाचवा टाका सीम रिपरने कापायचा, कापड पालथं करायचं आणि दुसऱ्या बाजूचा दोरा धरून ओढायचा. तो सरसर निघतो. तुकडे मात्र कापडात अडकून राहतात, ते इस्त्री करायच्या आधी वेचून काढावेत. चिमटा घ्या. मी नखांनी काढत बसलो आणि दुसऱ्या दिवशी बोटं ठणकली.

उसवायचं किती, हे आधी ठरवावं. गळ्याभोवती जी उभी पट्टी असते, तिला स्टँड म्हणतात. तीही दोन थरांची असते आणि कॉलर त्या दोन थरांच्या मधे धरलेली असते. फक्त स्टँडची वरची कड उसवायची. स्टँड शर्टाला जिथे जोडलाय तिथे हात लावायचा नाही, तिथे हात लावला की शर्टाचा गळा ताणला जातो आणि मग काही खरं नाही.

कॉलर हातात आली. मी लगेच ती पालथी केली, स्टँडच्या फटीत सरकवली, टाचण्या लावल्या आणि टीप मारली. आरशासमोर उभा राहिलो तर एक टोक दुसऱ्यापेक्षा अर्धा सेंटीमीटर खाली. मधली खूण केलीच नव्हती! डोळ्यांना दिसतंय की, म्हणून. शिवाय आत हात घालून बघितलं तर स्टँडचा आतला थर दोन ठिकाणी टिपेत सापडलाच नव्हता. वरून सगळं सुंदर, आतून तोंड उघडं. दुसरी संध्याकाळ अशी संपली, परत उसवून.

दोष टाचण्यांचा होता. म्हणजे माझाच, पण टाचण्यांचाही. स्टँडचे दोन थर, त्यांच्या आत दुमडलेल्या कडा, कॉलरचे दोन थर, कॅनव्हास: एवढ्या जाडीत टाचणी घातली की कापड तिथेच फुगतं आणि मशीनखाली सरकतं. कच्चे टाके घालावेत हे मला कळत होतं, कंटाळा येत होता. मग आठवलं, आई अशा वेळी स्वयंपाकघरात जायची. खळ करायला.

खळीला मी एक चमचा मैदा आणि सहा चमचे पाणी घेतलं. पाणी गारच हवं. मी गरम घेतलं, कारण लवकर होईल असं वाटलं, आणि गुठळ्यांचं आळण झालं. गरम पाणी लागलं की गोळीच्या बाहेरचा पिठाचा थर तिथल्या तिथे शिजून घट्ट होतो आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. ते फेकलं. दुसऱ्यांदा गार पाण्यात पीठ नीट कालवलं, मग मंद आचेवर ठेवून ढवळत राहिलो. बराच वेळ काहीच होत नाही, नुसतं पांढरं पाणी. मग साठेक अंशांच्या पुढे कधीतरी चमच्याला एकदम जडपणा जाणवतो आणि पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक येते. तिथे गॅस बंद. पूर्ण गार होऊ द्यायची.

तिसऱ्या संध्याकाळी शहाण्यासारखा वागलो. आधी स्टँड आणि कॉलर दोन्ही मधोमध दुमडून घडीवर खडूची खूण केली. स्टँडच्या कडा आत दुमडून इस्त्री केली. खूण खुणेला लावून कॉलर फटीत सरकवली, बोटाने पातळ खळ लावली आणि इस्त्रीने दाबून वाळवली. सगळे थर पुठ्ठ्यासारखे एकजीव झाले. पूर्ण वाळल्याशिवाय मशीनखाली घ्यायचं नाही, ओली खळ सुईला चिकटते. सुई ८०/१२ नंबरची घातली, आधीची जाड होती आणि भोकं पाडत होती. मूळ टीप सेंटीमीटरला सहा टाक्यांची होती. मी टाका दोन मिलिमीटरवर ठेवला, म्हणजे पाच. माझा हात तेवढा सरळ नाही, आणि बारीक टाका उसवायला जिवावर येतो. शिवून झाल्यावर शर्ट धुतला की खळ निघून गेली. तशीच ठेवू नये, किड्यांना आवडते.

कॉलर छान बसली. टोकं किंचित वर वळतात हे खरं आहे. कॉलर खाली झुकावी म्हणून खालचा थर मुळातच एक-दोन मिलिमीटर लहान कापतात, आणि आता तोच वर आलाय. टोकांकडून मधे अशी इस्त्री केली की दिवसभर निभावतं. बायकोने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "बरंय." आमच्या घरात ही वरची श्रेणी आहे.

या जोरावर मी पांढरा शर्ट काढला. कॉलर उसवली, पालथी केली आणि मग दिसलं की टोकं ताठ ठेवायच्या पट्ट्या घालायला खालच्या थरावर दोन फटी आहेत. उलटवली की त्या समोर, छातीवर. हे उसवायच्या आधी बघायचं असतं. शर्ट आठ दिवस खुर्चीच्या पाठीवर तसाच लटकत होता, नुसत्या उभ्या स्टँडचा.

काल बायको त्याला बघून म्हणाली, "असाच घाल की. बिनकॉलरचा बरा दिसतो."

स्टँडची फट खळीने चिकटवली, वाळू दिली आणि कडेने एक टीप मारली. मशीनवर दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.