देवळाचं पावसाच्या पाण्याचं बिल आणि तोडून टाकलेलं टेनिस कोर्ट

अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या आमच्या छोट्या देवळाचा हिशोब गेली तीन वर्षं मी बघतेय. या काळात सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते पावसाच्या पाण्याच्या फीने. म्हणजे फीने नाही, तिच्या मोजणीतली एक चूक दुरुस्त करून घेण्याने. आठवलं की अजून चिडचिड होते, पण दुसऱ्या एखाद्या खजिनदाराला उपयोग होईल म्हणून लिहितेय.

देऊळ टॅक्स एक्झेम्प्ट, म्हणजे करमाफ, आणि आमच्या काउंटीत (इथला जिल्हा) ही फी येते प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावरच, त्यामुळे पहिल्या वर्षी कमिटीतले सगळे म्हणाले की चुकून आलंय, भरू नका. चुकून आलेलं नसतं. हा टॅक्स नाही, फी आहे. देऊळ नळाच्या पाण्याचं बिल भरतं तसंच हे. जागेत पाणी न मुरणारा भाग किती, म्हणजे छप्पर, डांबर, काँक्रीट, त्यावर आकारणी होते. इथे लोक याला रेन टॅक्स म्हणून नावं ठेवतात. २०१२ च्या राज्याच्या कायद्याने बाल्टिमोर शहर आणि मोठ्या काउंट्या मिळून दहा ठिकाणी अशी फी सक्तीची केली होती, फ्रेडरिक काउंटीने तर नावापुरता वर्षाला एक सेंट लावला, २०१५ मध्ये ती सक्ती गेली पण बऱ्याच ठिकाणी फी राहिली. आणि मला विचाराल तर ती राहायलाच हवी. पार्किंगमधलं तेल, लॉनवरचं खत, माती, सगळं पावसाबरोबर ओढ्यात आणि तिथून चेसापीकच्या खाडीत जातं. ज्याचं डांबर जास्त त्याने जास्त भरावं, हे मला पटतं.

पण म्हणूनच मोजणी बरोबर पाहिजे ना!

आमच्या जागेत मागे आधीच्या मालकाचं जुनं टेनिस कोर्ट होतं, ६० बाय १२० फूट. ते आम्ही उखडून टाकलं, माती आणली, गवत पेरलं, एका कडेला झेंडू लावला. तरी बिलात ७,२०० चौरस फूट डांबर तसंच. नकाशा ऑनलाइन उघडला तर विमानातून काढलेला फोटो जुना, त्यात कोर्ट छान दिसतंय. मला वाटलं फोटो पाठवले की काम झालं.

फॉर्म भरला, फोटो जोडले. सहा आठवड्यांनी उत्तर आलं की फोटोवर तारीख नाही. तारखेचे पाठवले. मग म्हणे डिमॉलिशनचं परमिट दाखवा. ते आमच्याकडे होतं, पण परमिटवाल्यांच्या सिस्टिममध्ये ते 'ओपन' दिसत होतं, कारण कॉन्ट्रॅक्टरने शेवटचं इन्स्पेक्शन करूनच घेतलं नव्हतं. आता इन्स्पेक्शनची मागणी फक्त कॉन्ट्रॅक्टरच करू शकतो, आणि कॉन्ट्रॅक्टर धंदा बंद करून दुसऱ्या राज्यात गेलेला. परमिटवाले म्हणतात फीच्या ऑफिसला विचारा, फीवाले म्हणतात परमिट बंद झाल्याशिवाय आम्ही हात लावणार नाही. मी नोकरी सांभाळून दुपारच्या सुट्टीत गाडीत बसून फोन करायचे, चाळीस-चाळीस मिनिटं होल्डवर, आणि दर वेळी नवीन माणूस, त्याला पहिल्यापासून सगळं सांगायचं. पाच महिने! एकदा तर मला सांगितलं की नवीन विमानफोटो येईपर्यंत थांबा. म्हणजे जे कोर्ट नाहीच त्याचे पैसे तोपर्यंत देणगीतून भरायचे, ते पैसे कोणी आजी नातवाच्या वाढदिवसाला अभिषेकासाठी देतात. मी त्या दिवशी घरी येऊन रडले.

सुटलं ते एका वाक्याने. फोनवरच्या एका बाईंनी सांगितलं की लेखी 'साइट व्हिजिट' मागा, फॉर्मवर तो रकाना नाही पण मागता येते. त्याच रात्री ईमेल केला. तिसऱ्या आठवड्यात एक इंजिनिअर आली, टेपने मोजलं, दोन-तीन ठिकाणी जमीन टोचून खाली डांबर नाही हे बघितलं, वीस मिनिटांत काम संपलं. ७,२०० चौरस फूट वजा झाले. चालू वर्षाचे पैसे परत मिळाले, आधीच्या वर्षाचे नाही, कारण अर्ज त्या वर्षात केला नव्हता. म्हणून बिल आलं की लगेच नकाशा उघडून बघा, पुढच्या वर्षावर टाकू नका.

हो, आणि वाद चालू असला तरी बिल भरून टाका. ३० सप्टेंबर उलटला की व्याज सुरू होतं, आमचं एका महिन्याचं गेलं. कॉन्ट्रॅक्टरला शेवटचा चेक देण्याआधी परमिट बंद झाल्याचा कागद हातात घ्या, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर पाच महिने वाचले असते.

अजून एक, मोजणीची दुरुस्ती आणि क्रेडिट हे दोन वेगळे फॉर्म आहेत, मी आधी चुकीचाच भरला होता. क्रेडिट म्हणजे पाणी जिरवायची सोय केली तर मिळणारी सूट. त्या कोर्टावर एक इंच पाऊस पडला की जवळजवळ साडेचार हजार गॅलन पाणी सरळ रस्त्यावर वाहून जायचं, आता ते बरंचसं तिथेच मुरतं, मी पावसात छत्री घेऊन उभी राहून बघितलंय. तिथे उतारावर आता रेन गार्डन, म्हणजे पावसाचं पाणी जिरवणारी खोलगट बाग, करतोय, त्याच्या क्रेडिटचा अर्ज मार्चमध्ये टाकणार. जादा गाड्यांच्या ओव्हरफ्लो पार्किंगसाठी खडी टाकायचा विचार मात्र सोडला, आमच्याकडे गाड्यांनी दाबली गेलेली खडीसुद्धा डांबरासारखीच मोजतात.