वॉर्साच्या जुन्या शहरातून पायी, आणि पुढे कोल्हापूरच्या स्मारकापर्यंत

गेल्या सप्टेंबरच्या अखेरीस आमचा पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात तीन दिवस मुक्काम होता. सोबत पत्नी आणि माझे वडील होते. वडिलांचा जन्म १९४८ सालचा आणि कोल्हापूरचा. या दोन्ही गोष्टींचा पुढे संबंध येणार आहे, म्हणून त्या आधीच सांगून ठेवतो.

जुन्या शहराच्या पायी सहली बहुधा राजवाड्यासमोरच्या चौकातून, राजा झिगमुंट याच्या स्तंभापासून निघतात. राजधानी क्राकूवरून वॉर्साला आणणारा हाच राजा. त्याचा स्तंभ १६४४ सालचा असून चौकात कुठूनही दिसतो, त्यामुळे भेटण्याची जागा चुकण्याचे काही कारण नव्हते. तरीही आम्ही चुकलो, कारण स्तंभाखाली एकाच वेळी वाटाड्यांच्या चार-पाच रंगांच्या छत्र्या उभ्या होत्या आणि आम्ही दहा मिनिटे स्पॅनिश ऐकत राहिलो. आपल्या सहलीच्या छत्रीचा रंग आणि भाषा आदल्या रात्रीच पाहून ठेवावी. या सहलींना ‘मोफत’ म्हटले जाते, पण वाटाड्याची कमाई शेवटी मिळणाऱ्या बक्षिशीवरच असते. आम्ही माणशी ५० झ्वोटी (पोलंडचे चलन) दिले. पोलंडमध्ये युरो चालत नाही, त्यामुळे सुट्या नोटा जवळ असाव्यात. एटीएमच्या पडद्यावर रक्कम रुपयांत वळती करून घेण्याचा पर्याय आला तर तो नाकारून झ्वोटीच निवडावेत. घाईत रुपये निवडून आम्ही पहिल्याच दिवशी नुकसान करून घेतले.

चौकापर्यंत येण्यासाठी ज्येष्ठांनी ट्रामने ‘स्तारे म्यास्तो’ या थांब्यावर उतरावे. थांबा खालच्या रस्त्यावर, बोगद्याच्या तोंडाशी आहे आणि तिथून वर चौकात यायला सरकते जिने आहेत. तिकीट गाडीत चढल्याबरोबर यंत्रात घालून छापून घ्यावे लागते. विकत घेतलेले पण न छापलेले तिकीट तपासनीस ग्राह्य धरत नाही.

आमची वाटाडी पंचविशीतली मुलगी होती. तिने स्तंभाचा इतिहास दोन वाक्यांत आटोपला आणि आम्हाला थेट वाड्याच्या बाजूला नेले. तिथे गवतावर दगडी खांबाचे मोठे तुकडे आडवे पडलेले आहेत. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४४ च्या पहिल्या तारखेला स्तंभ कोसळला, वरचा पुतळा मोडतोड सोसूनही वाचला, आणि १९४९ मध्ये तो नव्या खांबावर चढवला गेला. गवतावर पडले आहेत ते त्याचे आधीचे खांब. बाबा वाकून एका तुकड्यावरून हात फिरवत होते. ग्रॅनाइटला ओंजळभर खळगे पडलेले होते, कडा मात्र अजून धारदार होत्या. पुढच्या दोन तासांत जे पाहिले ते समजायला हे खळगे फार उपयोगी पडले.

जर्मन ताब्याविरुद्ध पोलिश भूमिगत सैन्याने केलेला वॉर्सातला उठाव १ ऑगस्ट १९४४ रोजी संध्याकाळी पाचला सुरू झाला आणि ६३ दिवस चालला. जुने शहर सप्टेंबरच्या सुरुवातीला पडले आणि या भागातल्या इमारतींपैकी ८५ टक्क्यांहून अधिक जमीनदोस्त झाल्या. राजवाडा जर्मनांनी सुरुंग लावून उडवला. आज दिसणारा बाजारचौक युद्धानंतर पुन्हा बांधून जुलै १९५३ मध्ये खुला करण्यात आला. हे कळल्यावर बाबा म्हणाले, “म्हणजे हे म्हातारं शहर माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान!” मी त्याचे भाषांतर करून सांगितले, तेव्हा वाटाडीने हसून त्यांना सगळ्यांच्या पुढे उभे केले.

मला स्वतःला अशी ‘नवी जुनी’ शहरे आवडत नाहीत. इथेही नाटकाचा पडदा पाहायला मिळणार, अशा समजुतीने मी गेलो होतो. पण या सहलीचा खरा लाभ असा, की ती खोटेपणा लपवत नाही, उलट सांधे दाखवत जाते. बांधकामासाठी युद्धापूर्वीची मोजमापे व आराखडे वापरले गेले, आणि त्याबरोबर अठराव्या शतकात बर्नार्दो बेलोत्तो या चित्रकाराने त्या काळच्या राजासाठी काढलेली शहराची चित्रेही हाताशी होती. त्याला इथे कानालेत्तो म्हणतात. त्याची २२ चित्रे राजवाड्यातल्या एका दालनात टांगलेली आहेत. सहल राजवाड्याच्या आत जात नाही. वेगळे तिकीट काढून किमान त्या दालनात जाऊन यावे. वाडा सोमवारी बंद असतो. बाजारचौकातल्या घरांच्या दर्शनी भिंतींवरचे गिलाव्यात कोरलेले नक्षीकाम नीट पाहिले तर ते सरळसरळ १९५० च्या दशकातले आहे हे ओळखू येते. मागची दाटीवाटीची बांधकामे तर पुन्हा उभारलीच नाहीत, तिथे मोकळी अंगणे ठेवली. म्हणजे नक्कल हुबेहूब नाही, आणि तसा दावाही कोणी करत नाही. युनेस्कोने १९८० मध्ये या भागाला जागतिक वारसा म्हटले ते पुनर्बांधणीचा नमुना म्हणूनच.

सकाळची सहल घेतली तर ११ वाजून १५ मिनिटांनी राजवाड्याच्या मनोऱ्याकडे लक्ष ठेवावे. १७ सप्टेंबर १९३९ च्या बॉम्बफेकीत तिथले घड्याळ याच वेळेला बंद पडले होते, आणि वाडा पुन्हा उभा राहिल्यावर १९७४ मध्ये ते याच वेळेपासून सुरू करण्यात आले. त्या क्षणाला मनोऱ्यावरून तुतारी वाजते. कॅथेड्रलच्या बाजूच्या गल्लीत भिंतीवर जर्मन स्फोटकवाहनाच्या साखळीपट्ट्याचा तुकडा बसवलेला आहे, तो सांगितल्याशिवाय दिसत नाही. कानोनिया नावाच्या छोट्या चौकातल्या १६४६ सालच्या घंटेभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या की इच्छा पूर्ण होते म्हणतात. प्रदक्षिणांचा सराव असल्यामुळे आमच्या तिन्ही झटपट झाल्या.

पुढे बार्बिकन हा तटाचा बुरूज ओलांडला की ‘नवे शहर’ लागते, आणि फ्रेता रस्त्यावर मारी क्यूरी यांचे जन्मघर येते. आमची सहल तिथे संपली. एकूण अडीच तास लागले. फरसबंदी सगळीकडे गोट्यांची आहे, त्यामुळे पातळ तळव्याचे बूट घालू नयेत. बाबांच्या गुडघ्यांना दुसऱ्या तासात बसायला हवे होते, आणि वाटाडीला आधी कल्पना दिल्यामुळे तिने थांबे बाकांजवळच घेतले. स्वच्छतागृहाच्या दारांवर अक्षरांऐवजी वर्तुळ किंवा त्रिकोण असतो. वर्तुळ स्त्रियांचे आणि त्रिकोण पुरुषांचा, हे पाठ करून जावे.

जेवणासाठी ‘बार म्लेचनी’ नावाच्या स्वस्त खानावळी शाकाहाऱ्यांना सोयीच्या आहेत. बार्बिकनजवळही एक आहे. बटाटा आणि पनीरसारख्या चीजचे सारण भरलेले ‘प्येरोगी रुस्क्ये’ मागवावेत, ते उकडलेल्या करंजीसारखे लागतात. मात्र त्यावर डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे पेरण्याची पद्धत आहे, म्हणून ‘बेझ स्क्वारेक’ असे आधीच सांगावे. आमच्या पहिल्या ताटलीवर ते आलेच आणि ती ताटली मला एकट्याला संपवावी लागली.

आता सहलीत नसलेला भाग. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत सत्तेने सैबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार केलेली ही माणसे इराणमार्गे भारतात आली. त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती. ते गेल्यावर तिथे सिंधी निर्वासित राहायला आले आणि आजचे गांधीनगर वसले. आमची आजी ‘पोलंडच्या बाया’ बाजारात मोडक्या मराठीत घासाघीस करायच्या, असे सांगायची. या आश्रयाबद्दल कोल्हापूरचे स्मारक वॉर्सात मोन्ते कास्सिनोच्या (दुसऱ्या महायुद्धातल्या इटलीतील लढाईच्या) स्मारकाजवळ उभारलेले आहे; ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींनी तिथे पुष्पचक्र वाहिले होते. जागाही नेमकी निवडलेली आहे, कारण छावणीतल्या कित्येक कुटुंबांचे पुरुष मोन्ते कास्सिनोच्या लढाईत उतरलेल्या पोलिश जनरल आंदेर्स यांच्या सैन्यात होते.

फ्रेता रस्त्यावरून क्राशिन्स्की चौकात यावे. इथे उठावाचे स्मारक आहे, आणि जुने शहर पडताना सुमारे पाच हजार लढवय्ये निसटण्यासाठी ज्या गटारमार्गात उतरले त्याचे तोंडही इथलेच. तिथून क्राशिन्स्की उद्यान ओलांडून आंदेर्स रस्त्याच्या बाजूला कोल्हापूरच्या स्मारकाकडे जावे. आमच्या चालीने अर्धा तास लागला, एरवी पंधरा मिनिटे पुरतील. फुले विकत घ्यायची असतील तर ती जुन्या शहरातूनच घ्यावीत, आम्हाला वाटेत दुकान दिसले नाही. शेवटी बाबांनी उद्यानातली चेस्टनटची दोन पाने वाकून उचलली आणि तिथे ठेवली. मग त्यांनी फोटो काढून गांधीनगरच्या मित्राला पाठवला आणि उत्तर येईपर्यंत ते बाकावर बसून राहिले. परतीसाठी ‘रातुश आर्सेनाव’ हे मेट्रो स्थानक तिथून जवळ आहे.