एका तारेवर पाऊस : एटीटायनी८५ चा पर्जन्यमापक, नोंद तिसरी

गेल्या रविवारी रात्री पावणेदोनला माझ्या घरगुती पर्जन्यमापकाचं ‘१डी-’ने सुरू होणारं नाव एकदाचं रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोडलेल्या चिपांच्या यादीत आलं. मागची नोंद रिकाम्या यादीपाशीच संपली होती, म्हणून आधी त्याचाच उलगडा करतो.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी चार ओळी. आमचं घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. इथून पुढं कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, त्यामुळे पावसाला तोटा नाही. आप्पा अंगणात पत्र्याचा चौकोनी डबा ठेवतात आणि सकाळी बोट बुडवून ‘चार बोटं पडला’ असं सांगतात. मला तोच आकडा तासागणिक हवाय. नरसाळ्याखाली दोन खणांची झुलती वाटी आहे. एक खण भरला की ती कलंडते आणि तिच्यावरचा चुंबक रीड स्विचवरून (चुंबक जवळ आला की जुळणारा स्विच) जातो. हे कलंडणं एटीटायनी८५ ही प्रोग्रॅम करता येणारी छोटी चिप मोजते आणि घरातल्या रास्पबेरी पाय झीरोला वन-वायरवरून सांगते. तारा तीन : ३.३ व्होल्ट, ग्राउंड आणि डेटा. बोलणं सगळं त्या एकट्या डेटा तारेवर.

वन-वायर ही मुळात डॅलस सेमीकंडक्टरची पद्धत. डीएस२४२३ नावाची त्यांची एक काउंटर चिप होती. तिचं उत्पादन बंद झालं, पण पायवर चालणाऱ्या लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, तिचा ड्रायव्हर राहिला. म्हणून मी एटीटायनीलाच डीएस२४२३ व्हायला लावलंय. ६४ बिटांच्या ओळखक्रमांकात पहिली ८ बिटं चिपचा प्रकार सांगणाऱ्या फॅमिली कोडची, डीएस२४२३ साठी हेक्समध्ये १डी. मधली ४८ मी ठरवलेली. शेवटची ८ सीआरसीची, म्हणजे चूक ओळखणाऱ्या पडताळणीची. कर्नलला तो क्रमांक पटला की पायवर एक ओळही प्रोग्रॅम न लिहिता साध्या फाइलमधून काउंटर वाचता येतो. या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

आता यादी रिकामी का होती ते. कर्नलच्या वन-वायर कोडमध्ये एक बिट वाचायची रीत अशी : मास्टर, म्हणजे रास्पबेरी पाय, तार ६ मायक्रोसेकंद खाली ओढतो, सोडतो, आणखी ९ थांबतो आणि वाचतो. म्हणजे ‘शून्य’ सांगायचं असेल तर १५ मायक्रोसेकंदांच्या आत आपल्या चिपनं तार खाली धरलेली पाहिजे. कारखान्यातून आलेल्या एटीटायनी८५ मध्ये घड्याळाला आठानं भागणारा फ्यूज (चिपची सेटिंग ठेवणारं बिट) चालू असतो, त्यामुळे ती १ मेगाहर्ट्झवर धावते. १५ मायक्रोसेकंद म्हणजे फक्त १५ सायकल. इंटरप्ट (चालू काम सोडून तारेकडे वळायचा इशारा) लागून योग्य जागी उडी मारायलाच त्यातल्या सहा-सात जातात, मग सी कंपायलर रजिस्टर स्टॅकवर ठेवत बसतो. तार खाली ओढायची वेळ येईपर्यंत मास्टर ‘एक’ वाचून पुढं गेलेला. रीसेटनंतरचा प्रेझेन्स पल्स, म्हणजे चिपचा ‘मी आहे’ हा इशारा, मात्र बरोबर जात होता, कारण तिथं मास्टर तार सोडल्यावर ७० मायक्रोसेकंदांनी बघतो. म्हणून तारेवरचे सिग्नल दाखवणाऱ्या लॉजिक अॅनालायझरवर चिप जिवंत दिसायची, पण यादीत नाव नाही. चार रात्री मी सर्चच्या, म्हणजे मास्टर चिपा शोधतो तेव्हा उत्तर देणाऱ्या, कोडमध्ये चूक शोधत होतो. ‘एवढ्या रात्री काय करालास रे?’ म्हणून आई दोनदा येऊन गेली.

लो फ्यूज ६२ चा ई२ केला, घड्याळ ८ मेगाहर्ट्झवर आलं आणि काम झालं. चिप भरायला यूएसबीएएसपी प्रोग्रॅमर आणि एव्हीआरड्यूड हे सॉफ्टवेअर वापरतोय. दरवेळी सुडो लावायचा (म्हणजे अॅडमिनचे अधिकार मागायचे) नसेल तर लिनक्समध्ये उपकरणं सांभाळणाऱ्या यूडेव्हमध्ये व्हेंडर १६सी० आणि प्रॉडक्ट ०५डीसी यांसाठी एक नियम लिहून ठेवा. आणखी एक : आयएनटी०, म्हणजे जिथं वन-वायरची तार लागते तो चिपचा ७ नंबरचा पाय (पिन), प्रोग्रॅमिंगच्या वेळी घड्याळाचा पाय असतो. तिथं जंपर ठेवलाय, चिप भरताना तो काढतो.

नाव आलं तरी फाइलमध्ये सीआरसीपुढं ‘नो’ येत होतं. १६ बिटांचा सीआरसी उलटून, म्हणजे सगळी बिटं पालटून पाठवायचा असतो. ते केल्यावर ‘येस’.

मंगळवारी टेबलावरून उठवून अंगणापर्यंत १५ मीटर नेटवर्क केबल टाकली आणि नाव पुन्हा गायब. या वेळी गणित आधी केलं. अशा केबलच्या जोडीत मीटरला साधारण ५० पिकोफॅरड, म्हणजे एकूण ७५०. पुल-अप, म्हणजे तार वर खेचून ठेवणारा रेझिस्टर, ४.७ किलोओहमचा असेल तर तार वर यायचा टाइम कॉन्स्टंट साडेतीन मायक्रोसेकंद, चालण्यासारखा. मग मल्टिमीटर लावला तर रेझिस्टर निघाला ४७ किलोओहमचा! पिवळा-जांभळा-लाल समजून पिवळा-जांभळा-नारिंगी लावलेला. त्यानं तोच काळ ३५ मायक्रोसेकंद होतो. टेबलावरच्या वीतभर तारेला ते खपून गेलं होतं. रंगावर न जाता प्रत्येक रेझिस्टर मोजूनच लावा, हे कळकळीनं सांगतोय.

पावसाळ्यात इकडं दिवे जातात, म्हणून आकडा ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या चिपमधल्या मेमरीत, ठेवणं भागच. एका जागी १,००,००० वेळा लिहायची हमी असते. मी ५१२ बाइटचे चार-चार बाइटचे १२८ खण केलेत आणि दरवेळी पुढच्या खणात लिहितो. सुरू होताना सर्वांत मोठा आकडा उचलायचा, सगळी एफएफ असलेले कोरे खण सोडून. वीज उतरत असताना अर्धवट लिहिलं जाऊ नये म्हणून ब्राउन-आउट, म्हणजे व्होल्टेज घसरलं की चिप थांबवणारा पहारा, २.७ व्होल्टवर चालू केलाय, हाय फ्यूज डीडी. हा बाइट लिहिताना दोनदा वाचा. रीसेट पाय बंद करणारं बिट त्यातच आहे, आणि ते चुकलं तर १२ व्होल्टच्या प्रोग्रॅमरशिवाय चिप परत येत नाही.

काल मापन केलं. नरसाळ्याचा व्यास १६ सेंटिमीटर, क्षेत्रफळ २०१ चौरस सेंटिमीटर, म्हणून १ मिलिमीटर पाऊस म्हणजे २०.१ मिलिलिटर पाणी. सलाइनच्या नळीतून ५०० मिलिलिटर पाणी थेंबथेंब सोडलं, वाटी ९४ वेळा कलंडली. एका खेपेला ५.३२ मिलिलिटर, म्हणजे ०.२६ मिलिमीटर. पाणी भसकन ओतलं तर खेपा कमी भरतात, कारण वाटी वळेपर्यंत वरून येणारं पाणी भरलेल्या खणातच पडतं. आर्द्रातल्या मुसळधारेत ही तूट किती येते ते बघायचंय.

अंगणात खांब रोवून झालाय. रोहिणी संपायच्या आत वाटी वर चढवतो, आप्पांचा डबा शेजारीच ठेवतो. त्यांचं एक बोट किती मिलिमीटरचं ते मृगाच्या पहिल्या सकाळी कळेल.