श्रावणातला पाक जरा दाटच बरा

भोरकडच्या माझ्या दोन्ही सातेरी मधमाश्यांच्या पेट्यांना सध्या साखरेचा पाक चालू आहे. जांभूळ, हिरड्याचा फुलोरा कधीच आटोपला. चौकटींच्या वरच्या कडेला मधाचा पट्टा असतो, तो जेमतेम बोटभर उरला होता. सातेरी उपासमार फार दिवस सोसत नाही, एक दिवस राणीसकट पेटी सोडून चालती होते. मेलिफेरा, म्हणजे युरोपियन मधमाशी, पाळणाऱ्यांना ही धास्ती एवढी नसते.

यंदा किलोभर साखरेला लिटरभर पाणी हा नेहमीचा पातळ पाक बंद केला. तो फुलांच्या रसाच्या जवळचा, त्यामुळे राणी अंडी घालायला लागते, हे खरं. पण पाक साठवायचा तर माश्यांना त्यातलं पाणी वीस टक्क्यांच्या आसपास आणावं लागतं. इथे दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, तिथे त्यांनी पंख मारून किती पाणी उडवायचं? पातळ पाकात निम्मं पाणी. दोन किलोला एक लिटर घेतलं की तिसरा हिस्साच उरतो. आणि अंडी वाढली तर अळ्यांना भरवायला परागही हवेत. साखरेत प्रथिनं कुठली? मक्याला तुरे आलेत, सकाळी उघडीप मिळाली तर काही माश्या पायांना पिवळे गोळे लावून परततात, तेवढाच आधार.

दोनास एक पाकाची खोड अशी की गार झाला की साखर परत खाली बसू लागते. बरणीच्या झाकणाच्या भोकांत खडे धरतात आणि थेंब यायचा थांबतो. म्हणून आता दोन किलोला सव्वा लिटर. पाणी उकळलं की आधी गॅस बंद, मग साखर, आणि विरघळेपर्यंत ढवळत राहायचं. तार यायला हवी म्हणून परत आचेवर चढवू नका, गुलाबजाम करायचे नाहीत. साखर करपून तांबूस झाली की त्यात एचएमएफ हे साखर तापून तयार होणारं रसायन वाढतं, आणि ते माश्यांना विषारी. गूळ स्वस्त पडतो म्हणून सुचवणारे भेटतात. त्याने माश्यांना हगवण लागते. लिंबूही मी पिळत नाही, साखर फोडायचं विकर माश्यांच्या अंगातच असतं.

झाकणाला बारीक खिळ्याने भोकं पाडून बरणी रिकाम्या मधकोठीत, म्हणजे पेटीच्या वरच्या मधाच्या कप्प्यात, दोन कामट्यांवर उपडी ठेवतो. सुरुवातीला चार थेंब गळतात, मग आत निर्वात होऊन पाक थांबतो आणि माश्या खालून चाटत बसतात. कामट्यांमुळे जिभा पोचायला जागा राहते.

पाक अंधार पडताना, आणि दोन्ही पेट्यांना एकाच संध्याकाळी. आंब्याखालची वसाहत दांडगी आहे, पडवीजवळची अशक्त; दिवसा वास सुटला तर दांडगी दुसरीला लुटायला जाते. अशक्त पेटीचं दार एकदोन माश्या जातील एवढंच ठेवलंय. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या आहेतच, नाहीतर पाक मुंग्याच संपवतात. उरलेला आंबूस वास मारायला लागला की बरणी काढून ओततो, पेट्यांपासून लांब.

आंब्याखाली वरच्या कडेला मेणाची झाकणं दिसू लागली आहेत. पडवीवाली पाक उचलते, पण साठवत नाही, लगेच खाऊन टाकते. तिला थोडा थोडा चालू ठेवणार. शेजारच्या शिवारात कारळा पिवळा झाला की दोन्हीकडची साखर बंद, आणि मधकोठीत चौकटी त्यानंतरच.