दोन टेराबाइटची डबी

ज्या संकेतस्थळावरून मी दोन टेराबाइटचा पोर्टेबल एसएसडी, म्हणजे फाइली साठवायला संगणकाला बाहेरून जोडायचा वेगवान ड्राइव्ह, मागवला, त्याच्या पत्त्यासमोर कुलपाचे चिन्ह होते आणि तेवढ्यावर माझे समाधान झाले, हे आधीच कबूल केलेले बरे. ते कुलूप एवढेच सांगते की आपली माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही; पलीकडे बसलेला साव आहे की चोर, याच्याशी त्याचा काही संबंध नसतो. सवलत संपायला किती मिनिटे उरली हे दाखवणारे घड्याळही तिथे होते. पान पुन्हा उघडले की ते पहिल्यापासून सुरू होई. हे तेव्हाच दिसले होते, तरीही मी पैसे भरले.

पार्सल वेळेवर आले. धातूची डबी हाताला चांगली जड लागत होती. विंडोजवर क्षमता १.८१ टेराबाइट दिसली आणि त्यात वावगे काही नव्हते, कारण उत्पादक १००० च्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या, त्यामुळे अस्सल ड्राइव्हवरही आकडा एवढाच दिसतो. खटकला तो वेग. एसएसडीने सेकंदाला काही शे मेगाबाइट लिहायला हवेत. इथे विसाचाही पत्ता नव्हता. मी केबलला दोष दिला, रात्रभर व्हिडिओ उतरू दिले आणि सकाळी लॅपटॉपवरचे मूळ व्हिडिओ पुसून टाकले.

आठवड्याने त्यांतला एक उघडायला गेले, तर उघडेना. नाव होते, तारीख होती, आकार होता. आत काही नव्हते. अशा ड्राइव्हच्या नियंत्रक चिपमध्ये खोटी क्षमता भरून ठेवलेली असते. खरी मेमरी भरली की पुढची माहिती एकतर हरवते किंवा आधीच्या माहितीवर लिहिली जाते. फाइलींची यादी मात्र बहुधा शाबूत राहते, म्हणून वरवर सारे ठीक भासते. जे ४१ व्हिडिओ उघडत होते ते काढून घेतले आणि मगच एचटूटेस्टडब्ल्यू हा मोफत प्रोग्राम चालवला, कारण तो ड्राइव्हभर माहिती लिहून परत वाचतो आणि उरलेसुरलेही त्यात जाऊ शकते. खरी जागा जेमतेम ६४ जीबी निघाली.

विक्रेत्याची खरी कारागिरी पत्रव्यवहारात होती. दुसऱ्या संगणकाला जोडून पाहा, मग फॉरमॅट करा, मग बिघाडाचा व्हिडिओ पाठवा, मग दहा टक्के रक्कम परत घ्या आणि वस्तू ठेवून घ्या, शेवटी स्वखर्चाने परदेशातल्या गोदामात पाठवा. प्रत्येक उत्तर चार-पाच दिवसांनी येई आणि प्रत्येकात दिलगिरी असे. कार्डाने भरलेल्या पैशांबद्दल बँकेकडे हरकत घेण्याला मुदत असते, आणि ही सारी नम्रता ती मुदत उलटावी म्हणून होती, हे माझ्या ध्यानात आले तेव्हा नऊ दिवस उरले होते. दहा टक्के नाकारले ते बरेच झाले, नाहीतर प्रकरण आपसात मिटले असे त्यांना दाखवता आले असते. जाहिरातीचे पान, चाचणीचा निकाल आणि सगळी पत्रे जोडून मी तक्रार केली; बँकेने रक्कम परत मिळवून दिली.

त्यानंतर मी डबी स्क्रूड्रायव्हरने उघडली. आत एका लहानशा पट्टीवर मोबाइलमध्ये घालतात तसले मेमरी कार्ड बसवले होते आणि शेजारी गोंदाने चिकटवलेला लोखंडाचा तुकडा होता. हाताला लागलेले वजन त्याचे होते.