आमची वाटचाल : आर्कन्सॉमधलं आमचं मेडिकल

मी पुण्याची बी.फार्म., मिस्टर अकाउंट्सवाले. अमेरिकेत आल्यावर परत परीक्षा, इंटर्नशिपचे तास, लायसन्स हे सगळं करून आर्कन्सॉतल्या एका छोट्या गावात चालू फार्मसी विकत घेतली.

इथे गिऱ्हाइकापेक्षा जास्त पैसे पीबीएमकडून यायचे असतात. विमा कंपनी आणि फार्मसीच्या मधली ही कंपनी, कुठलं औषध विम्यात बसेल, पेशंटने किती भरायचे, आम्हाला किती मिळणार यात हिचाच शब्द चालतो. कॉम्प्युटरवर क्लेम टाकला की काही सेकंदांत आकडा येतो. होलसेलरकडून ३१ डॉलरला घेतलेली बाटली आणि स्क्रीनवर २२! समोर डायबेटिसच्या आजी उभ्या, त्यांना औषध न देता कसं पाठवायचं सांगा, म्हणून पदरमोड करून द्यायचं, आणि अशाने आसपासची दुकानं बंद पडताना आम्ही बघितलीत.

२०१५ ला राज्याने अ‍ॅक्ट ९०० केला. खरेदीपेक्षा कमी दर द्यायचा नाही, दिला तर फार्मसीला अपील करता येईल आणि तोट्यात जाणारं औषध नाकारताही येईल. पीबीएमवाल्यांची संघटना लगेच कोर्टात, म्हणे कंपन्या नोकरदारांना देतात त्या विमा-योजनांसाठी केंद्राचा एरिसा कायदा असताना राज्याला हा अधिकारच नाही, आणि खालच्या कोर्टांत ही संघटना जिंकलीही. शेवटी १० डिसेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टाने ८-० ने आर्कन्सॉच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा मी दुकानात सगळ्यांसाठी शिरा करून नेला होता.

पण कायदा आपोआप पैसे आणून देत नाही हो. तोट्याच्या प्रत्येक क्लेमला होलसेलरचं बिल लावा, एनडीसी नंबर (औषधाचा ठरलेला कोड) टाका, मुदतीत अपील करा, मग पाठपुरावा. हे काम मिस्टर रोज रात्री बसून करतात आणि आमचं दुकान टिकलंय ते त्यामुळेच असं मी छातीठोकपणे सांगते. २०१८ पासून पीबीएमला राज्याच्या विमा खात्याचं लायसन्स लागतं, त्यामुळे तक्रार करायलाही जागा आहे.

२०२५ मध्ये अ‍ॅक्ट ६२४ आला, पीबीएमने राज्यात स्वतःची फार्मसी चालवायची नाही म्हणून. माझ्या मते बरोबरच आहे, आमचा दर ठरवणाराच शेजारी दुकान टाकून बसला तर स्पर्धा कसली? १ जानेवारी २०२६ पासून लागू होणार होता पण त्याआधीच जुलै २०२५ मध्ये फेडरल कोर्टाने स्थगिती दिली. आम्ही मात्र अपिलं टाकतोच आहोत आणि लांबच्या वस्त्यांवर घरपोच औषधंही सुरू केलीत.